थायरॉईड कर्करोगाचा पुनरुद्भव आणि प्रतिमाचित्रणाचा इतिहास : परळ ते कल्याण-डोंबिवली

गोषवारा

थायरॉईडचा कर्करोग उपचारानंतर अनेक वर्षांनी उलटू शकतो. तो वेळीच ओळखण्यासाठी किरणोत्सारी आयोडीनचा स्कॅन, सोनोग्राफी आणि पेट स्कॅन या प्रतिमाचित्रणाच्या पद्धती एकामागून एक विकसित झाल्या. मुंबईतील परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरच्या संदर्भात आणि ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरातील रुग्णाच्या दृष्टीने या विकासाचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. यंत्रे जसजशी रुग्णाच्या घराजवळ आली तसतशा त्याच्या रोगाच्या नोंदी विखुरत गेल्या, आणि पुनरुद्भवाचे निदान तर जुन्या-नव्या नोंदींच्या तुलनेवरच अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : थायरॉईड कर्करोग, पुनरुद्भव, किरणोत्सारी आयोडीन, सोनोग्राफी, पेट स्कॅन, वैद्यकीय नोंदी, ठाणे जिल्हा.

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राच्या इतिहासलेखनात यंत्रांच्या शोधांना जेवढे महत्त्व मिळते तेवढे ती यंत्रे ज्या व्यवस्थेत वापरली जातात त्या व्यवस्थेला मिळत नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये रॉन्टजेन यांनी लावला, सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाची तपासणी १९७१ मध्ये लंडनमध्ये झाली, हे तपशील सर्वत्र आढळतात. परंतु एखाद्या रुग्णाचा बरा झालेला रोग दहा-पंधरा वर्षांनी उलटला, तर तो कोणी ओळखला, कोणत्या खुणेवरून ओळखला आणि पूर्वीच्या कोणत्या कागदाशी ताडून ओळखला, हा प्रश्न इतिहासाचे अभ्यासक क्वचितच विचारतात.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी थायरॉईडचा कर्करोग हे अत्यंत उपयुक्त उदाहरण आहे. थायरॉईड, म्हणजेच अवटू ग्रंथी, मानेच्या पुढील भागात असते. तिच्या कर्करोगाचे पॅपिलरी, फॉलिक्युलर, मेड्युलरी आणि अ‍ॅनाप्लास्टिक असे प्रमुख प्रकार मानले जातात. त्यांपैकी पहिले दोन सर्वाधिक आढळतात. शस्त्रक्रिया आणि किरणोत्सारी आयोडीन यांनी ते बहुधा आटोक्यात येतात व रुग्ण दीर्घकाळ सर्वसाधारण आयुष्य जगतो. तथापि काही रुग्णांत रोग पुन्हा डोके वर काढतो. बहुतेक वेळा मानेतील लसीका ग्रंथींमध्ये, तर कधी फुप्फुसांत किंवा हाडांत. हे पहिल्या काही वर्षांत घडू शकते, तसेच दोन-तीन दशकांनंतरही घडू शकते. म्हणूनच या रुग्णांवर आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते.

आयुष्यभर लक्ष ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर गेल्या ऐंशी वर्षांत अनेकदा बदलले. या बदलांचा मागोवा घेताना प्रस्तुत लेखात तीन टप्पे मानले आहेत : किरणोत्सारी आयोडीनच्या स्कॅनचा टप्पा, रक्तचाचणी व सोनोग्राफीचा टप्पा आणि पेट स्कॅनचा टप्पा. प्रत्येक टप्प्यात विज्ञान कोणते होते, संस्था कोणती होती आणि ठाणे-कल्याण परिसरातील रुग्णाला त्यासाठी काय करावे लागत होते, असे तीन प्रश्न विचारले आहेत. लेखाचा हेतू वैद्यकीय सल्ला देण्याचा नसून ऐतिहासिक विवेचनाचा आहे.

आयोडीनचा माग : जागतिक पार्श्वभूमी

आयोडीन हे मूलद्रव्य फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा यांना १८११ मध्ये समुद्री शेवाळाच्या राखेत सापडले. थायरॉईड ग्रंथीत आयोडीन असते हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात दाखवून दिले. ही ग्रंथी रक्तातील आयोडीन अत्यंत आवडीने ओढून घेते आणि त्यापासून संप्रेरक तयार करते. या एका गुणधर्मावर पुढील सर्व इतिहास उभा आहे.

नोव्हेंबर १९३६ मध्ये बॉस्टन येथे भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचे वैद्यकीय श्रोत्यांसमोर व्याख्यान झाले. आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल काय, असा प्रश्न सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरांनी त्या वेळी विचारला. त्यातून हर्ट्झ, रॉबर्ट्स आणि इव्हान्स यांचे सशांवरील प्रयोग झाले. त्यांनी वापरलेल्या आयोडीन-१२८ या समस्थानिकाचे अर्धायुष्य केवळ २५ मिनिटांचे होते. १९३८ मध्ये लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांनी बर्कले येथे आयोडीन-१३१ मिळवला. त्याचे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे आहे. त्यातून बीटा कण आणि गॅमा किरण असे दोन्ही बाहेर पडतात. बीटा कण पेशी नष्ट करतात, तर गॅमा किरण शरीराबाहेर येऊन पेशींचा ठावठिकाणा सांगतात. उपचार आणि शोध ही दोन्ही कामे एकाच द्रव्याने साधण्याचे वैद्यकशास्त्रातील हे आद्य उदाहरण होय.

कर्करोगाच्या संदर्भात निर्णायक ठरलेली घटना न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयात घडली. सुमारे दोन दशकांपूर्वी थायरॉईडची शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णात थायरॉईडच्या अतिक्रियाशीलतेची लक्षणे दिसू लागली. ग्रंथी काढून टाकलेली असताना संप्रेरक येते कोठून, हे कोडे होते. सायडलिन, मॅरिनेली आणि ऑशरी यांनी त्याला किरणोत्सारी आयोडीन देऊन गायगर गणकाने शरीर तपासले, तेव्हा दूरच्या अवयवांत पसरलेल्या कर्करोगाने आयोडीन ओढून घेतल्याचे दिसून आले. १९४३ मध्ये त्याच्यावर याच आयोडीनने उपचार सुरू झाले आणि १९४६ मध्ये या संशोधकांचा लेख प्रसिद्ध झाला. येथे एक बाब नोंदविण्यासारखी आहे. गणकाने दाखविलेल्या आकड्यांना अर्थ प्राप्त झाला तो दोन दशकांपूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासामुळे. तो इतिहास हाती नसता तर त्या आकड्यांचा उलगडा होणे कठीण होते.

गणकाने आकडे मिळत, चित्र मिळत नसे. चित्र मिळू लागले ते बेनेडिक्ट कॅसेन यांनी १९५०-५१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात तयार केलेल्या रेषीय स्कॅनरमुळे. हे यंत्र मानेवरून ओळीओळीने सरकत जाई आणि कागदावर ठिपके उमटवी. १९५७-५८ मध्ये हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा सिद्ध केला आणि संपूर्ण भागाची प्रतिमा एकाच वेळी मिळणे शक्य झाले. त्यानंतरची सुमारे चार दशके संपूर्ण शरीराचा आयोडीन स्कॅन हीच पुनरुद्भव शोधण्याची मुख्य पद्धत मानली गेली.

परळ, तुर्भे आणि वाशी : संस्थात्मक उभारणी

भारतात हे तंत्र रुजविण्यासाठी तीन गोष्टी एकत्र येणे आवश्यक होते : समस्थानिक तयार करणारी अणुभट्टी, कर्करोगाचे रुग्णालय आणि या दोहोंना जोडणारी वैद्यकीय संस्था. या तिन्ही गोष्टी मुंबई परिसरात एकत्र आल्या.

परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये आणि 'सायरस' जुलै १९६० मध्ये कार्यान्वित झाली. डॉ. होमी भाभा यांच्या दृष्टीत अणुशक्ती म्हणजे केवळ वीजनिर्मिती नव्हती. शेती, उद्योग आणि वैद्यक यांतील समस्थानिकांचा वापर हाही तिचा भाग होता. या विचारातून १९६३ मध्ये परळ येथेच, टाटा रुग्णालयाच्या विस्तारित इमारतीत, रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. आज भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे ते वैद्यकीय अंग होय. डॉ. रा. द. गणात्रा यांनी या केंद्राचे नेतृत्व केले. पुढे ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेतही आण्विक वैद्यकाच्या कामाशी संबंधित राहिले. थायरॉईडचे विकार हा या केंद्राच्या कामाचा आरंभापासूनच एक प्रमुख भाग होता.

ठाणे जिल्ह्याचा या इतिहासाशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. १९८९ मध्ये अणुऊर्जा विभागाने विकिरण व समस्थानिक प्रौद्योगिकी बोर्ड, म्हणजेच 'ब्रिट', ही संस्था स्थापन केली. रुग्णालयांना लागणारी किरणोत्सारी औषधे तयार करून पाठविण्याचे काम या संस्थेच्या नवी मुंबईतील वाशी संकुलातून चालते, आणि वाशी हे प्रशासकीयदृष्ट्या ठाणे जिल्ह्यात आहे. अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून आयोडीन-१३१ मिळवला जातो, त्यावर प्रक्रिया होते आणि तो शिशाच्या कवचात बंद करून रुग्णालयांकडे रवाना होतो. आठ दिवसांत निम्मा होणारा हा माल साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे उत्पादन, वाहतूक आणि रुग्णाची तारीख यांचा मेळ घालावा लागतो. 'सायरस' अणुभट्टी २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'ध्रुव' अणुभट्टीने तोवर समस्थानिकांच्या निर्मितीत मोठा वाटा उचलला होता.

स्कॅनची तयारी आणि उपनगरी जीवन

संपूर्ण शरीराचा आयोडीन स्कॅन ही एका दिवसात उरकणारी तपासणी नव्हे. कर्करोगाच्या उरलेल्या पेशींनी आयोडीन ओढून घ्यावे यासाठी रक्तातील टीएसएच या संप्रेरकाची पातळी वाढवावी लागते. त्यासाठी रुग्णाची रोजची थायरॉक्सिनची गोळी चार ते सहा आठवडे बंद ठेवण्याची पद्धत रूढ झाली. या काळात रुग्णाला थकवा येतो, थंडी सोसत नाही, अंगावर सूज येते, कामात लक्ष लागत नाही. त्याच्या जोडीला सुमारे दोन आठवडे आहारातील आयोडीन कमी करावे लागते. आयोडीनयुक्त मीठ, समुद्री मासे, अंडी आणि दुधाचे पदार्थ यांवर बंधन येते. नंतर आयोडीनची अल्प मात्रा घेण्यासाठी एकदा आणि दोन-तीन दिवसांनी प्रत्यक्ष स्कॅनसाठी पुन्हा एकदा केंद्रात यावे लागते.

या प्रत्येक अटीचा ठाणे-कल्याण परिसरातील जीवनाशी संबंध लावून पाहिला पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेमार्गाने ठाणे सुमारे ३४, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर अंतरावर आहे. देशातील पहिली प्रवासी रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मार्गालगत नोकरदारांची दाट वस्ती झाली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. वस्ती वाढली तरी विशेष उपचारांचे केंद्र परळलाच राहिले. थायरॉक्सिन बंद असलेल्या, थकलेल्या रुग्णाने सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून दादर गाठायचे, तेथून धीम्या गाडीने परळला जायचे आणि तीन दिवसांनी तेच पुन्हा करायचे, हा या तपासणीचा न लिहिलेला भाग होता. परळ टर्मिनसवरून कल्याणच्या दिशेने गाड्या सुटू लागल्या त्या मार्च २०१९ मध्ये.

आहारातील बंधनाचाही असाच विचार करता येतो. ठाणे, मुंब्रा, दिवा, कल्याण या खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्त्यांत मासळी हे रोजचे अन्न आहे. तसेच भाईंदर परिसरातील मिठागरांमुळे साधे मीठ या जिल्ह्याला परके नाही. देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर केंद्र सरकारने घातलेली बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हे धोरण योग्यच होते. मात्र ज्या मिठाने समाजाचे गलगंडापासून रक्षण केले, तेच मीठ या मोजक्या रुग्णांना स्कॅनपूर्वी काही दिवस दूर ठेवावे लागले आणि साधे मीठ शोधत फिरावे लागले.

रोग उलटल्याचे स्पष्ट झाल्यास आयोडीनची मोठी मात्रा दिली जाते. तेव्हा रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवावे लागते आणि त्याच्या शरीरातील किरणोत्सर्ग १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेने घालून दिलेल्या मर्यादेखाली आल्यावरच घरी सोडतात. त्याच्या मलमूत्राचे पाणीही विशेष टाक्यांत साठवून, किरणोत्सर्ग ओसरल्यावरच सोडायचे असते. अशा खोल्या आणि टाक्या उभारणे खर्चाचे असल्याने ही सोय मोजक्याच रुग्णालयांत राहिली. घरी परतल्यावर काही दिवस लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर राखावे, गर्दी टाळावी, अशा सूचना दिल्या जातात. दोन खोल्यांच्या चाळीत राहणाऱ्या आणि लोकल गाडीखेरीज अन्य साधन न परवडणाऱ्या कुटुंबाला या सूचना पाळणे किती अवघड आहे, हे सांगण्यासाठी वेगळ्या पुराव्याची आवश्यकता नाही.

रक्तचाचणी आणि सोनोग्राफी : केंद्र घराजवळ येते

थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन केवळ थायरॉईडच्या पेशी तयार करतात. संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर आणि उरलेले अवशेष आयोडीनने नष्ट केल्यानंतर ते रक्तात जवळपास आढळू नये. नंतर ते वाढू लागले तर कोठेतरी त्या पेशी पुन्हा वाढत आहेत असा संशय घेता येतो. थायरॉईड कर्करोगाची खूण म्हणून या प्रथिनाचा उपयोग १९७५ पासून चर्चेत आला आणि मापनाच्या पद्धती सुधारत गेल्या तसा तो नित्याचा झाला. थायरॉक्सिन बंद न करता टीएसएच वाढविणारे कृत्रिम इंजेक्शन १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. परंतु त्याची किंमत भारतातील सर्वसामान्य रुग्णाला परवडण्याजोगी नव्हती.

दुसरीकडे सोनोग्राफीचे तंत्र पुढे येत होते. ग्लासगो येथे इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये प्रसूतिशास्त्रातील तिचा उपयोग दाखवून दिला होता आणि १९६७ मध्ये जपानी संशोधकांनी तिचा वापर थायरॉईडसाठी केला. उच्च वारंवारितेचे ध्वनिक्षेपक आल्यानंतर मानेतील काही मिलिमीटर आकाराच्या लसीका ग्रंथीही दिसू लागल्या. ग्रंथीचा आकार गोल झाला आहे काय, तिचा मध्यभाग नाहीसा झाला आहे काय, आत चुन्याचे सूक्ष्म कण किंवा द्रवाच्या पोकळ्या आहेत काय, यांवरून तज्ज्ञ संशय नोंदवितात. मग बारीक सुईने पेशी काढून, आणि आवश्यक तेथे सुईतील द्रवात थायरोग्लोब्युलिन मोजून, निदान पक्के केले जाते. पुनरुद्भव बहुतांशी मानेतच होत असल्यामुळे या साध्या तपासणीचे महत्त्व वाढत गेले. कमी धोक्याच्या रुग्णांत वारंवार आयोडीन स्कॅन करण्याऐवजी थायरोग्लोब्युलिन आणि मानेची सोनोग्राफी यांवर भर द्यावा, असा विचार एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सर्वमान्य होत गेला. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २००६ आणि २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत तो स्पष्ट दिसतो.

ठाणे-कल्याण परिसराच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. आयोडीन स्कॅनसाठी परळ गाठावे लागत असे. सोनोग्राफी आणि रक्तचाचणी मात्र स्टेशनच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला, चालत जाण्याच्या अंतरावर होऊ लागली. गोळी बंद करण्याची आणि आहार बदलण्याची गरजही अनेक रुग्णांच्या बाबतीत उरली नाही. सोनोग्राफीच्या यंत्रांचा आणखी एक सामाजिक संदर्भ येथे नोंदविला पाहिजे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. केंद्रीय कायदा २००३ मध्ये अधिक कडक झाला. त्यामुळे सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी अनिवार्य झाली आणि गरोदर स्त्रीच्या तपासणीची तपशीलवार नोंद ठेवणे बंधनकारक ठरले. मानेची सोनोग्राफी ही तपासणी मात्र त्या तपशिलाच्या कक्षेत येत नाही. एकाच यंत्राच्या दोन उपयोगांपैकी एकाची नोंद कायद्याने जपली जाते आणि दुसऱ्याची जपणूक रुग्णाच्या घरातील कपाटावर सोपवलेली असते.

पेट स्कॅन : आयोडीन जेथे दिसत नाही तेथे

काही रुग्णांत रक्तातील थायरोग्लोब्युलिन वाढते, परंतु आयोडीन स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही. कर्करोगाच्या पेशी मूळ स्वरूपापासून दूर गेल्या की त्या आयोडीन ओढून घेण्याची क्षमता गमावतात, आणि त्याच वेळी त्यांची ग्लुकोजची भूक वाढते. फिनलंडमधील संशोधकांनी १९८७ मध्ये फ्लोरीन-१८ जोडलेले ग्लुकोज, म्हणजेच एफडीजी, वापरून थायरॉईड कर्करोगाचा प्रसार दिसू शकतो हे मांडले. पुढे १९९० च्या दशकात असे लक्षात आले की जे विकृत भाग आयोडीन घेत नाहीत ते अनेकदा एफडीजी घेतात, आणि एफडीजी घेणारे भाग बहुधा अधिक आक्रमक असतात. म्हणजे या स्कॅनमुळे रोगाच्या ठिकाणाबरोबरच त्याचा स्वभावही काही अंशी कळतो.

फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य केवळ ११० मिनिटांचे आहे. ते तयार करणारे सायक्लोट्रॉन जवळपास असल्याशिवाय हा स्कॅन शक्य नाही. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येच सुरू झाले. शरीररचना आणि पेशींची क्रिया एकाच प्रतिमेत दाखविणारा पेट-सीटी स्कॅनर २००४ च्या अखेरीस टाटा मेमोरियल रुग्णालयात आला. त्यानंतरच्या दोन दशकांत अशी यंत्रे खासगी क्षेत्रातही झपाट्याने वाढली. मेड्युलरी हा प्रकार आयोडीन घेतच नाही. त्याच्या पाठपुराव्यासाठी कॅल्सिटोनिनची रक्तचाचणी, सोनोग्राफी, सीटी आणि गॅलियम-६८ वर आधारित स्कॅन यांचा आधार घेतला जातो.

म्हणजे आयोडीन स्कॅन, सोनोग्राफी आणि पेट स्कॅन यांपैकी कोणत्याही एका पद्धतीने दुसरीला पूर्णपणे हटविले नाही. आज तिन्ही पद्धती एकमेकींच्या उणिवा भरून काढतात. यामुळेच त्यांच्या निष्कर्षांची सांगड घालण्याचे काम अधिक महत्त्वाचे झाले आहे.

तुलनेचा प्रश्न आणि विखुरलेल्या नोंदी

इतिहासाच्या अभ्यासात एकटा कागद फारसे काही सांगत नाही. त्याच्या आधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवला म्हणजे तो बोलू लागतो. पुनरुद्भवाच्या निदानालाही हाच नियम लागू पडतो. मानेत आठ मिलिमीटरची गाठ आहे, एवढ्या अहवालावरून फारसा निर्णय घेता येत नाही. तीच गाठ दोन वर्षांपूर्वी त्याच जागी पाच मिलिमीटरची होती असे कळले तर चिंता वाढते. पाच वर्षांपासून आठच मिलिमीटर आहे असे कळले तर अनावश्यक शस्त्रक्रिया टळू शकते. थायरोग्लोब्युलिनबाबतही एका आकड्यापेक्षा आकड्यांची दिशा महत्त्वाची असते. निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या मापनपद्धतींत फरक असल्याने शक्यतो एकाच प्रयोगशाळेतून तपासणी करावी असे तज्ज्ञ सुचवितात. रक्तात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असल्यास आकडा फसवा ठरतो, म्हणून त्यांचीही नोंद लागते.

नोंदीअभावी होणाऱ्या हानीचे एक नेमके उदाहरण देता येते. सीटी स्कॅनमध्ये शिरेतून दिले जाणारे औषध बहुधा आयोडीनयुक्त असते. असा स्कॅन झाल्यास शरीर आयोडीनने भरून जाते आणि त्यानंतर कित्येक आठवडे किरणोत्सारी आयोडीनचा स्कॅन किंवा उपचार यांचा अपेक्षित परिणाम मिळत नाही. घराजवळच्या केंद्रात वेगळ्याच तक्रारीसाठी सीटी करून घेतलेला रुग्ण ती गोष्ट सांगायला विसरला, तर पुढची सारी तयारी, बंद केलेली गोळी आणि पाळलेले पथ्य वाया जाऊ शकते. येथे दोष कोणत्याही यंत्राचा नसतो; दोन ठिकाणच्या माहितीची गाठ पडलेली नसते.

परळच्या काळात तपासणीसाठी प्रवास मोठा होता, पण रुग्णाचा केसपेपर बव्हंशी एकाच ठिकाणी राहत असे. आजच्या स्थितीत शस्त्रक्रिया ठाण्यात, पॅथॉलॉजीचा अहवाल दुसऱ्या संस्थेचा, आयोडीनचा उपचार मुंबईत, सोनोग्राफी डोंबिवलीत आणि रक्तचाचणी घरी येऊन नमुना नेणाऱ्या प्रयोगशाळेकडे, असे वाटप अगदी स्वाभाविकपणे होते. या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे रुग्णाच्या हातातील प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात फिल्म असतात, काही सीडी असतात आणि त्या सीडी वाचणारे संगणक आता दुर्मीळ होत चालले आहेत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीकाठचा आणि कल्याण परिसरातील मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा आपत्तीत कुटुंबे प्रथम माणसे वाचवितात, मग धान्य आणि शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे. जुनी वैद्यकीय फाईल त्या यादीत क्वचितच असते, आणि दहा वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या आजाराची तर नसतेच.

या त्रुटीची जाणीव शासन आणि वैद्यकीय संस्था यांना नाही असे म्हणता येणार नाही. टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग जाळे उभे राहिले आणि देशभरातील कर्करोग संस्थांत उपचारांचे समान निकष रुजविण्याचा प्रयत्न सुरू झाला. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर लागू केले. त्यातून प्रत्येक नागरिकाला आरोग्य खाते आणि त्यात नोंदी जोडण्याची सोय मिळाली. तथापि खाते उघडणे आणि १९९८ चा पॅथॉलॉजी अहवाल त्यात पोहोचणे यांत अंतर आहे. नव्या व्यवस्था पुढील नोंदी जपतील. मागील नोंदी कोणी तरी शोधून, वाचून आणि लावून ठेवाव्या लागतील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, थायरॉईड कर्करोगाच्या पुनरुद्भवाचे निदान हे आयोडीनच्या एका नैसर्गिक गुणधर्मावर सुरू झाले आणि पुढे सोनोग्राफी व पेट स्कॅन यांनी त्याच्या मर्यादा ओलांडल्या. दुसरा, भारतात या तंत्राची उभारणी परळ, तुर्भे आणि वाशी या जवळजवळच्या ठिकाणी सार्वजनिक संस्थांनी केली. तिच्यात ठाणे जिल्ह्याचा वाटा केवळ रुग्ण पाठविण्याचा नसून औषधनिर्मितीचाही आहे. तिसरा, तपासणी घराजवळ आल्याने उपनगरातील रुग्णाचे शारीरिक कष्ट निश्चितच कमी झाले. हा लाभ मोठा आहे आणि जुन्या व्यवस्थेच्या ओढीने तो नाकारणे अन्यायाचे होईल. चौथा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. केंद्रीकरणासोबत आपोआप मिळणारी नोंदींची सलगता विकेंद्रीकरणात हरवली आणि तिची जागा घेणारी व्यवस्था अद्याप पुरतेपणी उभी राहिलेली नाही. या हानीचा फटका त्या रुग्णाला बसतो, ज्याचा रोग वीस वर्षांनी उलटतो.

या संदर्भात आपल्या परिसरातील महाविद्यालयांनाही काही करता येण्यासारखे आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या एककांनी आरोग्य शिबिरांबरोबर जुन्या वैद्यकीय कागदांची छायाचित्रे काढून ती कालक्रमाने लावून देण्याचा उपक्रम घेतल्यास त्यासाठी मोठा खर्च येणार नाही. संबंधित कुटुंबाची लेखी संमती घेणे आणि काढलेली प्रत केवळ त्या कुटुंबाकडेच ठेवणे एवढी दक्षता मात्र घेतली पाहिजे. कागद तारीखवार लावणे, त्यातील संस्था ओळखणे आणि गहाळ दुवा कोणता हे सांगणे, हे काम इतिहासाच्या विद्यार्थ्याला वर्गात शिकविलेलेच असते. वैद्यकीय अर्थ लावण्याचे काम डॉक्टरांचे आहे. त्यांच्यापुढे संपूर्ण फाईल पोहोचविण्याचे काम मात्र इतरांना करता येईल, आणि वीस वर्षांपूर्वीच्या अहवालाशी आजची प्रतिमा ताडून पाहण्याची संधी त्यामुळे एखाद्या रुग्णाला मिळू शकेल.